नादसुख आणि उपासना

उपासनेसाठी घडलेले संगीत ऐकताना जो आनंद होतो तो उपासनेचाच भाग, की उपासनेतील अडथळा, हा धर्मविचारातील एक जुना प्रश्न आहे. पाश्चात्त्य देशांतील अनेक विद्यापीठांच्या सभागृहांत आणि प्रार्थनामंदिरांत भव्य पाइप ऑर्गन असतात व त्यांवर नियमित वादन होते. ऐकायला येणाऱ्यांत श्रद्धाळू असतात, तसेच कोणत्याही धर्माशी नाते न सांगणारेही असतात. दोघेही एकच रचना ऐकतात, दोघेही भारावून जातात. बीड जिल्ह्यात पाइप ऑर्गनची परंपरा नाही. पण त्याच कुळातील हाताने भाता ओढायची पेटी गावोगावच्या भजनात आणि अखंड हरिनाम सप्ताहात वाजते, आणि तिथेही प्रश्न तोच उभा राहतो. चाल चांगली लागली, पखवाज रंगला, टाळकरी देहभान विसरले, तर घडली ती भक्ती की करमणूक? या प्रश्नाचा विचार करायला बीड ही योग्य भूमी आहे. नादाचे शास्त्र, अद्वैताचे तत्त्वज्ञान आणि गायनाची भक्ती हे तिन्ही प्रवाह या परिसरात एकमेकांना मिळालेले आहेत.

वाद्याचे स्वरूप आणि त्याचा प्रवास

पाइप ऑर्गनमध्ये भात्याने किंवा पंख्याने दाबलेली हवा पेटाऱ्यात साठवली जाते. वादकाने कळपट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा ठरावीक नळीत शिरून सूर उमटतो. एक नळी एकच सूर देते. त्यामुळे प्रत्येक सुरासाठी आणि प्रत्येक वेगळ्या नादगुणासाठी स्वतंत्र नळी लागते, आणि मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. काही नळ्या शिसे व कथील यांच्या मिश्रधातूच्या असतात, काही लाकडाच्या. वादक दोन्ही हातांनी कळपट्ट्या वाजवतो, पायांनी खर्जाच्या पट्ट्या दाबतो आणि खुंट्या ओढून कोणत्या जातीच्या नळ्या बोलाव्यात हे ठरवतो. 8 फुटी उघड्या नळीतून सेकंदाला सुमारे 65 कंपनांचा सूर निघतो, 16 फुटी नळीतून सुमारे 33 आणि 32 फुटी नळीतून सुमारे 16 कंपनांचा. माणसाचा कान साधारण 20 कंपनांच्या खाली सूर म्हणून फारसे काही ओळखत नाही. म्हणून सर्वांत मोठ्या नळ्यांचा नाद कानांपेक्षा छातीला, पायांना आणि बसल्या बाकाला जाणवतो. ऑर्गन ऐकणाऱ्याला आपण नादाच्या आत बसलो आहोत असे वाटते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण इमारतीत आहे. दगडी कमानींच्या उंच दालनात सूर थांबल्यावरही कित्येक सेकंद घुमत राहतो, आणि वादकाला पुढचा सूर त्या घुमण्याचा हिशेब ठेवूनच द्यावा लागतो.

या वाद्याचा जन्म देवळात झालेला नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील टेसिबियस या यंत्रविद्येच्या जाणकाराने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला. रोमन काळात तो झुंजींच्या रिंगणात आणि मेजवान्यांत वाजे. पुढे बायझंटाइन दरबारात तो राजवैभवाचे चिन्ह बनला. सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याने इ. स. 757 मध्ये फ्रँक राजा पेपिन याला ऑर्गन भेट पाठवला. त्यानंतरच्या शतकांत पश्चिम युरोपातील मठांनी आणि चर्चनी त्याला आपलेसे केले. बायझंटाइन परंपरेतून आलेल्या पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र उपासनेत मानवी कंठालाच मान दिला आणि वाद्ये बहुतांशी बाहेर ठेवली. भारतात पोर्तुगीजांबरोबर ऑर्गन गोव्याला आला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकबराने हाजी हबीबुल्ला यांना गोव्यास पाठवले होते. त्यांनी आणलेल्या नवलाच्या वस्तूंत ऑर्गनही होता, आणि दरबारी लोक तो पाहून कसे थक्क झाले याचे वर्णन बदायुनी या इतिहासकाराने केले आहे. मुंबईत फोर्टमधील सेंट थॉमस कथीड्रल आणि कुलाब्याचे अफगाण चर्च येथे पाइप ऑर्गन बसवले गेले.

पेटीचा प्रवासही असाच वळणावळणाचा आहे. तिच्यात नळ्या नसतात. हवेच्या झोताने पितळी पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. अलेक्झांद्र दबँ यांनी 1842 मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नसे अशा लहान चर्चना आणि घरांना हे वाद्य सोयीचे होते. मिशनऱ्यांबरोबर ते भारतात आले. 1880च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला भारतीय बैठकीला साजेसे रूप दिले: मांडी घालून बसावे, एका हाताने भाता हलवावा, दुसऱ्याने वाजवावे. महाराष्ट्रात पायपेटी आणि पायाने भाता चालवायचा ऑर्गन संगीत नाटकात रुजले. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला सारंगीच्या बरोबरीने ऑर्गनची साथ असे. हातपेटी मात्र नाट्यगृहाबाहेर पडून कीर्तनात, भजनी मंडळात आणि मराठवाड्यातील खेड्यांच्या मारुती मंदिरांत पोहोचली.

या दोन्ही प्रवासांतून पहिला निष्कर्ष निघतो. कोणतेही वाद्य जन्मतः पवित्र नसते आणि जन्मतः अपवित्रही नसते. रिंगणातले वाद्य चर्चचे झाले, आणि परदेशी दिवाणखान्यातले वाद्य विठ्ठलाच्या भजनाचे झाले. पावित्र्य वाद्याच्या नळीत किंवा पट्टीत शोधून सापडणार नाही. ते वाजवणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या वृत्तीत शोधावे लागते. प्रश्न वाद्याचा नसून आनंदाचा आहे.

मराठवाड्यातील नादविचार

या आनंदाची सर्वांत नेमकी मांडणी बीडपासून दूर नसलेल्या देवगिरीत झाली. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राग, ताल, वाद्ये आणि नृत्य यांचे शास्त्र सांगणारा हा ग्रंथ आरंभी देहाची उत्पत्ती आणि नादाचे स्वरूप यांची चर्चा करतो. नाद दोन प्रकारचा: आघाताविना असलेला अनाहत आणि आघाताने उमटणारा आहत. शार्ङ्गदेवाच्या मते मुनी गुरूने दाखवलेल्या मार्गाने अनाहत नादाची उपासना करतात. तो मुक्ती देतो, पण मनाचे रंजन करत नाही. आहत नाद लोकांचे रंजनही करतो आणि भवबंधही तोडतो. म्हणून त्याने संगीताच्या शास्त्राचे विवेचन हाती घेतले.

या विधानाचे महत्त्व मोठे आहे. रंजन आणि मुक्ती यांना परस्परविरोधी मानणे शार्ङ्गदेवाला मान्य नाही. ज्या नादाने माणूस सुखावतो तोच नाद त्याला सोडवू शकतो. संसारात राहणाऱ्याला मुनीची कठोर साधना झेपत नसेल, तर त्याच्यासाठी सुखाचीच वाट मोक्षाकडे वळवलेली आहे. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचा संबंध बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईशी होता. तेथील खोलेश्वर मंदिर आणि यादवकालीन शिलालेख त्याची साक्ष देतात. ज्या राजवटीत अंबाजोगाईत मंदिरे उभी राहत होती त्याच राजवटीत नादाचे हे तत्त्वज्ञान लिहिले जात होते.

अंबाजोगाई हे मराठीतील तत्त्वविचाराचेही ठिकाण आहे. 'विवेकसिंधु' या अद्वैतपर ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी येथे आहे. ग्रंथाचा काळ परंपरेने शके 1110, म्हणजे इ. स. 1188 मानला जातो. अद्वैताची साधना श्रवणापासून सुरू होते. आधी ऐकायचे, मग त्यावर मनन करायचे, मग ते मनात मुरेपर्यंत ध्यास घ्यायचा. भागवताने सांगितलेल्या नवविधा भक्तीतही श्रवणाचा क्रमांक पहिला आहे. ज्ञानमार्ग आणि भक्तिमार्ग दोघेही कानापासून निघतात, ही गोष्ट नादसुखाच्या प्रश्नात विसरता येत नाही.

तिसरे नाव दासोपंतांचे. एकनाथांचे समकालीन असलेले दासोपंत (1551–1615) दत्तभक्त होते आणि त्यांचे आयुष्य अंबाजोगाईत गेले. थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही त्यांच्या परंपरेची स्थाने आजही तेथे आहेत. 'गीतार्णव' हे त्यांचे गीतेवरील प्रचंड भाष्य. 'पदार्णव' हा त्यांच्या गेय पदांचा सागर. त्यांची पासोडी विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे 24 हात लांब आणि अडीच हात रुंद अशा या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय लिहून आणि आकृत्यांनी मांडून दाखवला. आकाश, वायू, तेज, जल आणि पृथ्वी ही पाच भूते एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यांतून दृश्य जग कसे घडते, हे पंचीकरण सांगते. या विचारात शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण आहे. आकाश सर्वांत सूक्ष्म भूत, आणि त्याची ओळख पटवणारा विषय एकच: नाद. बाकीची भूते स्पर्शाने, डोळ्यांनी, जिभेने, नाकाने कळतात; आकाश फक्त कानाने कळते. आधुनिक भौतिकशास्त्र ध्वनीला हवेतील दाबाची लहर मानते आणि निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही हे दाखवते. त्यामुळे पंचीकरणाला भौतिकशास्त्र म्हणून वाचता येणार नाही. अनुभवाचे वर्णन म्हणून मात्र ते खरे आहे. सुराला आकार नाही, वजन नाही, तो हातात धरता येत नाही, तरी सगळी जागा भरून टाकतो. नाद ऐकताना माणसाला प्रथम जाणवते ते अवकाश. म्हणून सर्व इंद्रियसुखांत नादसुख सर्वांत कमी जड मानले गेले. दासोपंतांसारखा सृष्टीचे तत्त्व उलगडणारा पुरुष तितक्याच तन्मयतेने पदे रचतो, यात विसंगती नाही.

आक्षेप

नादसुखावर धर्मपरंपरांनी घेतलेले आक्षेप हलके नाहीत. ते घेणारे बहुतेकजण संगीताचे जाणकार होते. त्यांच्या म्हणण्याचे तीन भाग पडतात.

पहिला आक्षेप लक्ष विचलित होण्याचा. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ही वेदना प्रामाणिकपणे मांडली. स्तोत्र ऐकताना आपण अर्थापेक्षा गाण्यानेच अधिक हलतो असे कधी आढळले, तर ते आपल्याला पाप वाटते, असे ते सांगतात. तरी गायनाने दुबळ्या मनाला भक्तीची उभारी मिळते म्हणून ते गायनाला नाकारत नाहीत. उलरिख झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा सुधारक होता. तरी त्याच्या झुरिक शहरात चर्चमधील ऑर्गनवादन थांबले आणि 1527 मध्ये मुख्य चर्चचा ऑर्गन उतरवण्यात आला. योहान सेबास्टियन बाख हा ऑर्गनसंगीताचा शिखरपुरुष. आर्नश्टाट येथे 1706 मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला समज दिली ती याच कारणावरून. स्तोत्राच्या चालीत तो इतके अनोखे सूर आणि फेरफार घालत असे की गाणारी मंडळी गोंधळून जात.

दुसरा आक्षेप अहंकाराचा. वाहवा मिळू लागली की गाणारा देवासाठी गातो की श्रोत्यांसाठी, हे त्याचे त्यालाही कळेनासे होते. तुकाराममहाराजांनी कीर्तनकाराला मोबदल्यापासून दूर राहायला बजावले, त्यामागे हीच काळजी आहे. ऐकणाऱ्यालाही हा अहंकार सुटत नाही. आपल्याला संगीत कळते, इतरांना कळत नाही, ही भावना श्रोत्याच्या मनात सहज घर करते.

तिसरा आक्षेप सुखाचाच. कठोपनिषद श्रेयस आणि प्रेयस यांत भेद करते. जे हिताचे आहे ते आणि जे गोड वाटते ते, ही दोन वेगळी असतात, आणि विवेकी माणूस हिताचे निवडतो. यहुदी परंपरेत जेरुसलेमचे मंदिर नष्ट झाल्याच्या शोकात वाद्यसंगीतावर मर्यादा आली. 1818 मध्ये हँबर्गच्या सुधारणावादी सिनेगॉगमध्ये ऑर्गन आणला गेला, तेव्हा सनातनी रब्बींनी तीव्र विरोध केला. जे दुःख जपायचे आहे ते सुखाने पुसले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. या आक्षेपात खोल सत्य आहे. धर्माने काही वेळा माणसाला अस्वस्थ करायचे असते, आणि गोड सूर त्याला लवकर शांत करतो.

पेटीवर भारतात आणखी एक आक्षेप आला. तिचे सूर ठरलेले असतात. मींड घेता येत नाही, श्रुतींचा बारकावा दाखवता येत नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांचा तिला विरोध होता. 1940 ते 1971 या काळात आकाशवाणीवर तिला बंदी होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 22 श्रुतींचा अभ्यास करून श्रुतिहार्मोनियमसाठी प्रयत्न केले, ते या उणिवेवरचे उत्तर होते. पण या आक्षेपाचा रोख शुद्ध सुराकडे आहे. बंदीच्या त्या तीन दशकांत खेड्यातील भजनात पेटी वाजतच राहिली. भजनाला लागणारा आधार तिच्याकडून मिळत होता: सर्वांना एका सुरात आणणारा, न तुटणारा स्वर.

बीडच्या परंपरेतील उत्तर

या आक्षेपांना बीडच्या भक्तिपरंपरेने ग्रंथातून उत्तर दिले नाही. तिने सप्ताहाची शिस्त घडवली आणि उत्तर त्या शिस्तीत आहे. नारायणगड, गहिनीनाथगड आणि जिल्ह्याच्या सीमेवरील भगवानगड ही या भागातील वारकरी परंपरेची मोठी ठाणी. त्यांच्या नारळी सप्ताहाला गावोगावचे लोक जमतात. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, गाथ्यावरील भजन आणि प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर असा क्रम सात दिवस चालतो. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते.

या क्रमात विणेचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. सप्ताह बसला की वीणा रात्रंदिवस कोणाच्या तरी गळ्यात असते. ती खाली ठेवली जात नाही. पहारे ठरलेले असतात. एक विणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि नामाचा उच्चार चालू राहतो. रात्री तिसऱ्या प्रहरी मंडपात ऐकणारा कोणी नसला तरी वीणा छेडली जाते. तिथे कौशल्याला महत्त्व नाही, वाहवा करायला श्रोता नाही. मंडपात संध्याकाळी उसळणाऱ्या सुखाला रात्रीच्या या एकाकी पहाऱ्याचा पाया आहे. अहंकाराच्या आक्षेपाला यापेक्षा नेमके उत्तर सापडणार नाही: आनंद सर्वांनी घ्यावा, पण वाद्य कोणाच्या मालकीचे होऊ नये.

लक्ष विचलित होण्याच्या आक्षेपाला कीर्तनाची रचना उत्तर देते. कीर्तनकार संताचा एक अभंग घेतो आणि सारे कीर्तन त्या अभंगाभोवती फिरते. गायनाचार्य चाल उचलतात, टाळकरी धरतात, मृदंग भरतो, पेटी सूर सांभाळते. रंग चढला की कीर्तनकार हात वर करून चाल थांबवतो आणि चरणाचा अर्थ सांगू लागतो. अर्थ सांगून झाला की पुन्हा गायन. सूर आणि अर्थ अशा रीतीने एकमेकांच्या हाती श्रोता सोपवत राहतात. ऑगस्टीन यांना ज्याची भीती होती ते, अर्थ मागे पडून गाणेच पुढे जाणे, येथे फार वेळ घडू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, कोरड्या निरूपणाने मन मिटू लागले तर चाल ते पुन्हा उघडते.

हाच विवेक जिल्ह्यातील आणि शेजारच्या इतर परंपरांतही दिसतो. बीडजवळच्या कपिलधार येथे वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी आहे. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ आणि त्यांचे अभंग वीरशैव भजनांचा आधार आहेत, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत दिंड्या ते गात येतात. खुलताबादला विसावलेले चिश्ती सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांना समाची, म्हणजे भक्तिगायन ऐकण्याची, मोठी ओढ होती. सूफी आचार्यांनी समासाठी तीन अटी घातल्या: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. अल् गझाली यांनी आणखी एक मर्म सांगितले. संगीत मनात नसलेले काही आणून घालत नाही. जे आहे त्यालाच ते चेतवते. मन वासनेने भरलेले असेल तर वासना पेटेल, प्रेमाने भरलेले असेल तर प्रेम. अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे आणि कीर्तनाचे वळण दिले. पाश्चात्त्य चालींवरील स्तोत्रे आणि ऑर्गन यांवाचूनही ख्रिस्तभक्ती मराठी सुरात पूर्ण होते, हे त्यांनी दाखवून दिले. वाद्य बदलले, चाल बदलली, तरी भक्ती अबाधित राहिली. म्हणजे ती वाद्यावर किंवा चालीवर अवलंबून नव्हती. तिला सुराची गरज मात्र होती.

विद्यापीठातील वादन: उपासनेबाहेरचा आनंद

विद्यापीठातील ऑर्गनवादनात हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तिथे सप्ताहाची शिस्त नसते. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमधील ऑर्गन 1928चा आहे. हार्वर्डमधील फ्लेनट्रॉप ऑर्गन 1958 मध्ये आला तो संग्रहालयाच्या दालनात. ई. पॉवर बिग्ज यांनी त्यावर वाजवलेले बाखचे संगीत ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी गेले. तिथे प्रार्थना चाललेली नसते, प्रवचन नसते. विद्यार्थी, प्राध्यापक, गावातले लोक येतात, तासभर बसतात आणि जातात. भारतातही असेच घडते. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय संगीताची मैफल होते. मैफलीच्या शेवटी गायल्या जाणाऱ्या भैरवीतील भजनाला श्रोता ज्या वृत्तीने दाद देतो ती देवळातल्या वृत्तीपेक्षा वेगळी असते.

या आनंदाचे स्वरूप रसशास्त्राने उलगडले आहे. अभिनवगुप्त यांच्या मते रसिक जेव्हा कलेत रमतो तेव्हा त्याचे खासगी सुखदुःख काही काळ बाजूला पडते. आपले-परके हा भेद राहत नाही आणि भाव सर्वांचा होतो. पुढे विश्वनाथाने रसाच्या आस्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले. सहोदर म्हणजे भावंड. दोघे एक नव्हेत. रसानुभवात 'मी' थोडा वेळ विसावतो, ब्रह्मानुभवात तो विरतो. मैफल संपली, दिवे लागले की 'मी' परत येतो. अभिनवगुप्त हा फरक स्पष्ट ठेवतात, आणि तो ठेवायलाच हवा. ऑर्गन ऐकून भारावलेल्या माणसाला मोक्ष मिळाला असे कोणी म्हणणार नाही.

पण तो आनंद परका आहे असेही म्हणता येत नाही. तैत्तिरीय उपनिषद ब्रह्माला आनंद म्हणते. बृहदारण्यक सांगते की इतर सर्व प्राणी त्या आनंदाच्या अंशावर जगतात. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'चे शेवटचे प्रकरण विषयानंदावर आहे. विषयांतून मिळणारा आनंद हा ब्रह्मानंदाचाच अंश असून त्याच्याकडे नेणारे द्वार आहे, अशी त्यात मांडणी आहे. हे मान्य केले तर सुखावरील आक्षेपाचे उत्तर मिळते. सुख खोटे नसते. ते अपुरे असते. द्वाराला घर समजून तिथेच बसणे ही चूक आहे. द्वार आहे म्हणून ते बंद करणे ही दुसरी चूक आहे. झ्विंग्लीने पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी केली.

उपासनेबाहेरच्या श्रवणालाही एक साधना असते. ऑर्गनच्या रचनेत तीन-चार स्वतंत्र स्वरवाक्ये एकाच वेळी चालतात. एकाच्या मागे गेले तर दुसरे निसटते. सर्वांना एकत्र धरायचे तर श्रोत्याला स्वतःची निवड, आवड, घाई सोडावी लागते. आपल्याला हवे ते ऐकण्याऐवजी जे आहे ते ऐकावे लागते. श्रवण, मनन, निदिध्यास यांतील पहिल्या पायरीवर हीच अपेक्षा असते. विद्यापीठ ही ज्ञानाची जागा आहे, आणि जो समोरचे पूर्णपणे ऐकू शकत नाही तो शिकूही शकत नाही. म्हणून विद्यापीठात ऑर्गनवादन असणे, महाविद्यालयांत संगीताची मैफल असणे, हे अभ्यासाच्या मूळ वृत्तीला पोसणारे काम आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांतही संगीतश्रवणाला असे स्थान मिळाले, तर या भूमीत घडलेल्या नादविचाराचा वारसा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.

नादसुखाची कसोटी

नादसुख उपासना केव्हा ठरते, याच्या तीन कसोट्या या विवेचनातून हाती येतात.

पहिली कसोटी 'मी'ची. ऐकताना किंवा गाताना माणूस स्वतःला विसरत असेल तर तो आनंद उपासनेच्या दिशेने आहे. स्वतःच्या रसिकतेचा किंवा गळ्याचा अभिमान वाढत असेल तर सूर कितीही शुद्ध असला तरी दिशा उलट आहे. या कसोटीवर विद्यापीठातील अश्रद्ध श्रोता उतरू शकतो आणि मंडपातील माळकरी नापास होऊ शकतो.

दुसरी कसोटी अवधानाची. चांगला नाद मनाला गुंगी आणत नाही, जागे करतो. कीर्तनानंतर अभंगाचा अर्थ अधिक स्पष्ट झाला, वादनानंतर शांतता अधिक बारकाईने ऐकू येऊ लागली, तर सुखाने आपले काम केले. केवळ धुंदी उरली तर ते करमणुकीपुरतेच राहिले. मंडपात ध्वनिवर्धकाचा आवाज इतका वाढवला की शब्दच हरवले, तर सप्ताहाची शिस्तही ही कसोटी पार करत नाही.

तिसरी कसोटी आचरणाची. संतांनी भक्तीची परीक्षा नेहमी वागण्यात पाहिली. सप्ताहात लाखोंची पंगत एका ओळीत बसते. विणेचा पहारा शेतकरी करतो आणि मजूरही करतो. काल्याच्या दिवशी सर्वांच्या हातावर एकच प्रसाद पडतो. ऐकलेला नाद अशा समतेत उतरला तरच तो पूर्ण झाला. मैफलीतून किंवा मंडपातून बाहेर पडल्यावर शेजाऱ्याशी वागणे तसेच कठोर राहिले, तर आनंद कानापाशी थांबला असे समजावे.

या तीन कसोट्या लावल्या तर मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. नादाचा आनंद हा उपासनेचा शत्रू नाही आणि तो आपोआप उपासनाही होत नाही. शार्ङ्गदेवाने म्हटल्याप्रमाणे तो रंजन करणारा आहे आणि मुक्त करणाराही. त्यांपैकी पहिले प्रत्येक श्रोत्याला मिळते. दुसरे मिळण्यासाठी श्रोत्याला स्वतः काही द्यावे लागते: आपला अभिमान, आपली घाई आणि आपले वेगळेपण. जिथे हे दिले जाते तिथे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील ऑर्गन आणि बीडच्या सप्ताहातील पेटी एकच काम करतात.